कोपरा फाटलेलं कार्ड

मोठीआईला वाचता येत नव्हतं. तरी पोस्टमन अंगणात आला की कार्ड पहिल्यांदा तिच्याच हातात जायचं, आणि ती मजकुराकडे बघायचीच नाही, कोपरे बघायची. चारही कोपरे शाबूत असले की कार्ड देवळीत. आप्पा शेतातून आले की वाचतील, घाई नाही. कोपरा फाडलेला असला तर कार्ड उंबरा ओलांडत नसे. ती ओट्यावरच टेकायची आणि शाळेत निघालेल्या कुठल्याही पोराला हाक मारायची, ‘ये रे भो, एवढं वाचून दे.’ कोण गेलं ते पोरगं सांगायचं. कोणीतरी गेलं हे तिला आधीच कळलेलं असायचं. वाचून झालं की कार्डाचे तुकडे तिथंच, बाहेर.

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करतो. राहतो जळगावात, गाव यावल तालुक्यात, तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीपट्ट्यात. नोड-जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) कॉलबॅकला, म्हणजे काम झालं की हाक मारायच्या फंक्शनला, मिळणारी पहिली जागा एररची आणि दुसरी उत्तराची, हे शिकलो तेव्हा मला मोठीआई आठवली असं लिहायला छान वाटलं असतं. पण ते खोटं होईल. ती आठवली फार उशिरा, एका फजितीनंतर, आणि त्या फजितीचे पैसे आप्पांच्या खिशातून गेले.

कॉलबॅकला मराठीत एक नेमका शब्द आहे आणि तो आपण रोज वापरतो: ‘कळवतो’. मुलगी बघून झाली, पोहे झाले, चहा झाला, पाहुणे उठले. चपला घालता घालता मुलाचे काका म्हणतात, ‘घरी जाऊन कळवतो.’ म्हणून कोणी दारात उभं राहून वाट बघत नाही. म्हशीची धार काढायची असते, मोटर बंद करायची असते; जो तो आपापल्या कामाला लागतो. नोडचा सगळा कारभार या एका शब्दावर चालतो. २००९ साली रायन डालने नोड पुढे आणलं त्यामागचा विचार साधा होता: सर्व्हरचा बहुतेक वेळ डिस्कची, डेटाबेसची, नेटवर्कची वाट बघण्यात जातो, तर वाट बघत उभं राहायचंच कशाला? काम सांगायचं, ‘झालं की याला हाक मार’ म्हणून एक फंक्शन सोपवायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. एकटा माणूस शंभर जणांना पुरतो, कारण तो कुणापाशीच थांबत नाही.

होकार असला की लोक कळवतात. नकार असला तर? ‘पत्रिका जुळत नाही’ एवढं तरी सांगणारे सज्जन म्हणायचे. बाकीचे कळवतच नाहीत. पंधरा दिवस जातात, महिना जातो, फोन वाजला की मुलीची आई हातातलं पीठ न धुता धावते. आणि एक दिवस बाजारात कोणीतरी सहज सांगतं, त्या मुलाची तर सुपारी फुटली. असिंक्रोनस, म्हणजे वाट न बघता पुढे सरकणाऱ्या कोडमधल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला इथंच दिसतं. काम बिघडणं हे दुखणं नाहीच. बिघडलेलं कळवायचं कोणी, कुणाला, हे ठरलेलं नसतं.

साध्या, ओळीनं चालणाऱ्या कोडमध्ये ते ठरवावं लागत नाही. ट्राय-कॅच असतं. आंबे उतरवताना खाली चौघं चादर ताणून धरतात तसं आहे ते. वरून काहीही सुटलं तरी चादरीत. पण असिंक्रोनस कामात वरचा माणूस आत्ता फांदीला फक्त दोरी बांधून खाली उतरतो. चादरवाल्यांना वाटतं, झालं काम. ते चादर झटकून घरी जातात, जेवतात, झोपतात. आंबा पडतो रात्री दोन वाजता. कॉलबॅक जेव्हा चालतो तेव्हा त्याला सोपवणारं फंक्शन कधीच संपून गेलेलं असतं, त्याचा स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं याची चालू नोंद, उरलेला नसतो, आणि म्हणून त्याच्याभोवती घातलेल्या ट्राय-कॅचचा काडीचा उपयोग नसतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. तरी पहिल्या वर्षभरात कितीतरी ठिकाणी चादरी अंथरून ठेवल्या होत्या. त्या बघून आत्ताही लाज वाटते.

आता फजिती. २०१४ सालची गोष्ट. एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिससाठी मी एक छोटी व्यवस्था लिहून दिली होती: रोज संध्याकाळी केळीचा भाव उचलायचा, त्यांच्या यादीतल्या चारेकशे शेतकऱ्यांना एसएमएस करायचा. कामं पाच. भाव आणा, यादी आणा, मजकूर बनवा, पाठवा, नोंद करा. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, असं ते कोड उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनच्या पार काठाला गेलं होतं. आणि प्रत्येक पोटाच्या तोंडाशी तीच एक ओळ. ती मराठीतच लिहितो: ‘एरर असेल तर एरर वरच्याला दे आणि परत फीर.’

पाच वेळा तीच ओळ. हाताला सवय झाली की डोळे बघत नाहीत. मग त्या ओळीत तीन तऱ्हांनी घोटाळा होतो, आणि मी तिन्ही केलेले आहेत. एक, ओळ लिहायचीच राहते. मग न आलेला भाव ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे किंमतच नसलेला, बनून पुढे जातो आणि तिसऱ्याच ठिकाणी, ज्याचा काही दोष नाही अशा ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो. दोन, ‘वरच्याला दे’ लिहिलं पण ‘परत फीर’ राहिलं. मग एररही कळवली जाते आणि खालचं कामही चालू राहतं, म्हणजे नकार कळवून झाल्यावर वऱ्हाड दारात. तिसरा सगळ्यात सोज्वळ दिसतो. एरर लॉगमध्ये लिहिली, आणि परत फिरलो. वरच्याला दिलीच नाही.

मी नेमका तिसरा केला होता, भाव आणण्याच्या पायरीवर. कारण? लिहिताना मनात होतं, ‘इथे सध्या लॉग करू, नंतर बघू.’ ते नंतर मे महिन्यात आलं. मे महिन्यातलं जळगाव म्हणजे पारा पंचेचाळिशीच्या आसपास, आणि मधेच एखाद्या संध्याकाळी असं वादळ की उभी बाग आडवी. त्या संध्याकाळी वादळ झालं, वीज गेली, लाइन पडली, भाव आला नाही. माझ्या प्रोग्रॅमनं ते प्रामाणिकपणे लॉगमध्ये लिहून ठेवलं. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका मशिनवरच्या एका फाइलमध्ये, जी मी सोडून कोणी उघडत नव्हतं, आणि मीही उघडत नव्हतो.

चारशे लोकांना काहीच गेलं नाही. आणि शेतात ‘काहीच आलं नाही’ याचा अर्थ ‘बदल नाही’ असा होतो. आप्पांनी कालचा भाव धरला. आमची बाग वाऱ्याच्या आडोशाला होती म्हणून वाचली होती, घड पक्व झालेले, दुसरं वादळ येण्याआधी माल काढावा असा त्यांचा हिशेब. सकाळी मजूर लावले, कापणी केली, घड बांधाला आणून रचले. मग ट्रक आला आणि ट्रकबरोबर नवा भाव. पडलेल्या बागांचा माल एकदम निघाला होता, क्विंटलमागे दीडशे रुपये कमी. कापलेला घड काही परत खोडाला लावता येत नाही. आप्पांनी माल दिला.

रविवारी गावी गेलो तेव्हा मी त्यांना नेटवर्क, टाइमआउट, सर्व्हर असं बरंच काही समजावून सांगितलं. ते सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘वादळात भाव नाही आला, ते मले समजते. पण भाव नाही आला, असं तं कळवायचं होतं.’

मोठीआईचं कार्ड मला त्या रात्री आठवलं. तारीख, नाव, गाव वाचण्याआधी एकच गोष्ट बघायची, आणि तीही अशा जागी की निरक्षर माणसाच्या बोटांनाही लागेल. एरर पहिल्या जागी ठेवायची नोडची पद्धत नेमकी हीच आहे. कोपरा शाबूत असेल तर तिथे ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असतं आणि मग खुशाल मजकूर वाचा. फाटका असेल तर मजकुराला हात लावायचा नाही. पद्धत चांगलीच होती. मी एकटा शहाणा होतो, ज्यानं फाटकं कार्ड बघून देवळीत ठेवून दिलं.

मग मी एक छोटं फंक्शन लिहिलं. सहा ओळींचं. नाव ठेवलं ‘कोपरा’. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: शेवटी ज्याला कळवायचं तो कॉलबॅक, आणि सगळं ठीक असेल तर पुढे काय करायचं ते फंक्शन. त्यातून एक नवीन फंक्शन मिळायचं आणि तेच डेटाबेसला, एसएमएसवाल्याला सोपवायचं. उत्तर आलं की हे आधी कोपरा बघणार. फाटका असला तर थेट शेवटच्या माणसाला हाक, मधल्या कुणालाही न विचारता. नसला तर पहिली जागा काढून टाकून बाकीचं उत्तर तुमच्या फंक्शनला. झालं. पाच ठिकाणच्या पाच ओळी गेल्या. ‘परत फीर’ विसरण्याची सोयच उरली नाही, कारण ते लिहायची वेळच येत नव्हती. पुढे कळलं की या तऱ्हेची फंक्शनं जगात अनेकांनी आपापल्या नावानं लिहिली आहेत. चुलीवर फुंकणी सगळ्यांच्याच घरी असते.

ती ओळ तेवढी गाळायची, हा फायदा मला मोठा वाटत नाही; टंकलेखन वाचलं तर वाचलं. खरा फरक कोड वाचताना पडला. आधी प्रत्येक पायरीवर ‘बिघडलं तर’ आणि ‘जमलं तर’ एकमेकांत गुंतलेले असायचे, शेवग्याच्या शेंगेसारखं, गर थोडा आणि चोथा फार. आता जमलं तरचा रस्ता सरळ खाली वाचत जायचा, आणि बिघडलं तरचा रस्ता एकच, कुठूनही निघाला तरी एकाच माणसापाशी जाणारा. त्या माणसापाशी मी आप्पांचं वाक्य लिहिलं: ‘आज भाव मिळालेला नाही. कालचा भाव गृहीत धरू नये.’ चारशे जणांना.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला हाव सुटली. वाटलं, कार्डावर आलेली एरर तर पकडतोच आहोत, माझ्या स्वतःच्या कोडमध्ये काही फुटलं, कुठे नाव चुकलं, तर तेही पकडावं. म्हणून ‘कोपरा’च्या पोटात ट्राय-कॅच घातलं: पुढचं फंक्शन चालव, आणि त्यात काही फुटलं तर शेवटच्याला कळव. आठ दिवस छान चाललं. नवव्या दिवशी ऑफिसातला पोरगा फोनवर, ‘भाऊ, मेसेज गेले का नाही गेले? तुमचं मशिन दोन्ही सांगून राह्यलं.’ झालं होतं असं: शेवटच्या कॉलबॅकनं ‘सगळे गेले’ असं कळवलं, आणि त्याच कॉलबॅकच्या शेवटच्या ओळीत, हिशेब छापताना, माझीच एक चूक फुटली. ती उसळून वर आली, ‘कोपरा’च्या ट्राय-कॅचनं झेलली, आणि नियमाप्रमाणे शेवटच्याला कळवली. म्हणजे त्याच कॉलबॅकला दुसऱ्यांदा हाक, या वेळी एरर घेऊन. एकाच माणसाच्या नावानं दोन कार्डं, एक शाबूत आणि एक फाटकं.

त्यातून मला दोन गोष्टी कळल्या आणि त्या दोन्ही मी आजही नवीन पोरांना सांगतो. एक, कॉलबॅकला एकदाच हाक जाईल अशी कडी बाहेरून घालावी. आतल्या कुणाच्या शहाणपणावर विसंबू नये. दुसरी थोडी वेगळी आहे. वादळात भाव न येणं आणि माझ्याकडून नाव चुकीचं लिहिलं जाणं, या एका जातीच्या गोष्टी नाहीत. पहिली होणारच आहे. ती निरोपानं कळवायची. दुसरी माझी चूक आहे. तिला सांभाळून घेऊन पुढे रेटत नेणं म्हणजे भिंतीला तडा गेला की वर कॅलेंडर लावणं. ती फुटू द्यावी, दणकून फुटू द्यावी. प्रोग्रॅम पडला तर पडला. त्याला परत उभं करणारं बाहेर काहीतरी असावं. मी ट्राय-कॅच काढलं आणि ‘कोपरा’ परत सहा ओळींचा झाला.

अमळनेरचा माझा मामा या सगळ्याला हसतो. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाली. त्यामुळे मामाच्या मते सगळं सॉफ्टवेअर अमळनेरच्या डब्यातून निघालेलं आहे आणि त्यावर बोलायचा हक्क पहिला त्याचा. ‘तुमचं एवढं शिकून,’ तो म्हणतो, ‘शेवटी निरोप्याचंच काम ना रे?’ मी हो म्हणतो. वाद घालून उपयोग नसतो, आणि या बाबतीत तर तो बरोबरच आहे.

पुढे प्रॉमिस आले. प्रॉमिस म्हणजे निकाल नंतर कळेल, जमलं किंवा नाकारलं, याची आत्ताच हातात मिळणारी पावती. शब्द जुना, संगणकशास्त्रात या अर्थानं तो १९७६ पासून सापडतो, आणि १९८८ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि लिउबा श्रीरा यांनी त्यावर निबंध लिहिला. जावास्क्रिप्टच्या मानकात यायला मात्र २०१५ उजाडलं. दोन वर्षांनी, २०१७ च्या मानकात, असिंक-अवेट, म्हणजे प्रॉमिसचा निकाल येईपर्यंत फंक्शनला त्याच ओळीवर थांबवायची सोय, आलं, आणि त्याच वर्षी नोडच्या आठव्या आवृत्तीत जुन्या कॉलबॅकच्या फंक्शनला प्रॉमिसमध्ये बदलून देणारं ‘प्रॉमिसिफाय’ मिळालं. माझा ‘कोपरा’ निवृत्त झाला. मला वाईट वाटलं नाही, कारण त्याचेच सगळे गुण आता भाषेत आले होते. प्रॉमिस एकदाच निकाली निघतो, त्यामुळे दोन कार्डांचा प्रश्न मिटला. मध्ये कोणी झेललं नाही तर एरर आपोआप खाली वाहत जाते, पाटाला उतार दिल्यासारखी. आणि अवेटमुळे चादर परत कामाची झाली: आंबा रात्री पडला तरी चादर तिथं ताणलेली असते, कारण फंक्शन संपलेलंच नसतं, फक्त थांबलेलं असतं.

पण अवेट लिहायला विसरलं की चादर परत घरी. आणि प्रॉमिस नाकारला गेला, झेलणारा कोणीच नाही, असं झालं तर पूर्वी नोड नुसती एक कुरकुर छापून पुढे जात असे. २०२० साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून तसं होत नाही; अशी बेवारस एरर दिसली की प्रोग्रॅम बंद पडतो. त्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय आवडला. लॉगच्या फाइलमध्ये गाडलेली माझी ती एरर तेव्हा असं ओरडू शकली असती तर.

चारशे एसएमएसच्या बाबतीत आणखी एक गंमत झाली. नव्या कोडमध्ये मी चारशे प्रॉमिस गोळा करून ‘प्रॉमिस-ऑल’ला दिले. त्याचा स्वभाव असा, की एक जरी नाकारला गेला तरी सगळा निकाल नकार. भालोदकडच्या एका शेतकऱ्याचा नंबर बंद होता, तेवढ्यावरून ऑफिसला रोज निरोप: पाठवणं फसलं. खरं तर उरलेले तीनशे नव्व्याण्णव जातच होते, कारण प्रॉमिस-ऑल नकार कळवतो, चालू असलेली कामं थांबवत नाही. एका घरी सुतक म्हणून अख्ख्या गावाची दिवाळी रद्द. २०२० च्या मानकात ‘ऑल-सेटल्ड’ आलं, जे सगळ्यांची वाट बघतं आणि प्रत्येकाचं वेगवेगळं सांगतं, हा पोचला, हा नाही पोचला आणि का. मग ऑफिसच्या पोराला रोज रात्री न पोचलेल्या नंबरांची यादी मिळू लागली आणि तो त्यांना सकाळी फोन करू लागला. या यादीसाठी त्यानं मला नंतर वांग्याच्या भरितासाठी शेतातली हिरवी वांगी आणून दिली, जी मी कोडचं मानधन धरतो.

एक दुखणं मात्र यातल्या कशानंच जात नाही. कार्ड येतच नाही. शाबूतही नाही, फाटकंही नाही. एसएमएसवाल्याच्या दारात निरोप दिला आणि तिकडून ना हो, ना नाही. कॉलबॅक असो, प्रॉमिस असो, अवेट असो, सगळे जन्मभर बसून राहतात, आणि एररच नाही तर पकडणार काय? आप्पांच्या विहिरीवर आता मोबाइलवर चालणारा स्टार्टर आहे. घरून फोन लावायचा, मोटर सुरू झाली की तो उलटा फोन करून सांगतो, मोटर चालू आहे. फेज गेलेला असला तर तेही सांगतो. पण टॉवरच गेला तर तो काहीच सांगत नाही. आप्पांनी त्यावर आपला नियम ठेवलाय: एक विडा संपेपर्यंत फोन नाही आला तर बॅटरी घ्यायची आणि विहिरीवर जायचं. मी कोडमध्ये तेच केलं. प्रत्येक निरोपाशेजारी एक घड्याळ लावलं. वीस सेकंदांत उत्तर नाही तर आपणच कार्डाचा कोपरा फाडायचा. एवढंच, की त्या एररवर ‘गेला नाही’ असं लिहायचं नाही. ‘माहीत नाही’ असं लिहायचं, कारण मेसेज गेलेला असूही शकतो, आणि गेलेला समजून न पाठवणं किंवा न गेलेला समजून पुन्हा पाठवणं, दोन्हींत फसगत होते.

गेल्या जूनमध्ये पुन्हा वादळ झालं. रात्री आठला व्यापाऱ्याच्या ऑफिसातून मला फोन, आज भाव आलेला नाही, तुमचा तो मेसेज सगळ्यांना गेला का बघा. मी यादी बघायच्या आधी घरी फोन लावला. आप्पा अंगणात खाटेवर होते, मागे रेडिओ चालू होता.

‘मेसेज आला का?’ मी विचारलं.

‘आला.’

‘काय आलाय?’

‘नाही आला, असा आला,’ आप्पा म्हणाले, आणि मजुरांना उद्या येऊ नका म्हणून सांगायला उठले.